दर्ग्याच्या दारावरचा गणपती

आमच्या घरात चोंग्यांचा एक लाकडी पाट आहे. नक्षी कोरलेला, एका कडेला चिरलेला. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेची पोळी त्यावर दाबायची, नक्षी उठली की तेलात सोडायची. हा पाट आज्जीचा. मोहरमला तिचे चोंगे आणि मलिदा कोल्हापुरातल्या बाबूजमाल दर्ग्यात जायचेच. निवदाला, ती म्हणायची.

अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडून आज्जी पाच मिनिटांत दर्ग्यापाशी पोचायची. तिथल्या दारावर गणपती कोरलेला आहे. ती आधी त्याला हात जोडायची, मग पिराला. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

धाकट्या भावाचा ताप हटेना तेव्हा आज्जीनं पिराला नवस बोलला. बरा झाल्यावर त्याला फकीर केलं. हिरवा अंगरखा, गळ्यात झोळी. शेजारच्या चाचींनी स्वतःच्या हातानं झोळी शिवली होती. पाच घरं मागायची होती. पहिलं घर चाचींचं.

1985 साली गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले. भाद्रपद आणि मोहरम हे दोन्ही चांद्र महिने, पण हिजरी सनाला अधिक मास नसतो, म्हणून मोहरम दरवर्षी मागं सरकत जातो आणि साधारण 32-33 वर्षांनी पुन्हा भाद्रपदाला येऊन भेटतो. मग सलग तीन वर्षं हा मेळ राहतो. त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात गौरीच्या पुरणपोळ्या आणि चोंगे एकाच आठवड्यात झाले. गुळाची ढेप पुरेना. चाचींनी त्यांची अर्धी ढेप भिंतीवरून आमच्या हातात दिली.

नंतर हा योग आला तो 2018, 2019 आणि 2020 मध्ये. कोल्हापुरात काही तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे, म्हणजे पीर, एकाच मांडवात बसले. 2018 ला मी गर्दीत उभी राहून बघत होते. आरती झाली, लोबानाचा धूर तसाच वर जात होता. शेजारचा एक पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, जरा सरका, पीर दिसंना." मी सरकले. आज्जी त्या वेळी असायला हवी होती, असं फार वाटलं.

शाहू महाराजांनी 1906 मध्ये इथे मुस्लिम बोर्डिंग काढलं. त्यांची गोष्ट शाळेत शिकवतात. चाचींनी शिवलेली झोळी मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतेय.

पाटाची चीर आता वाढलीय. सुताराला दाखवला, तो म्हणाला, नवा कोरून देतो. नको म्हटलं. तेल लावून ठेवलाय. या मोहरमला चोंगे त्याच्यावरच होतील.