आईचं ऑक्सिजन मशीन, खान्देशचा उन्हाळा आणि कॅम्परचा जनरेटर: माझा अनुभव

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, जनरेटर कुठला घ्यायचा, हे बहुतेक लोक एसीच्या टनावरून ठरवतात. आम्ही ते आईच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरून, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या मशीनवरून ठरवलं. पाच लिटरचं मशीन आहे, साधारण साडेतीनशे वॅट खातं आणि रात्रभर अखंड चालावं लागतं. आईची फुप्फुसं अधू झालीत, पण फिरायची हौस तशीच आहे. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगरची यात्रा, एरंडोलजवळचं पद्मालय, चाळीसगावची पाटणादेवी, यावलच्या डोंगरातली मनुदेवी, ही सगळी ठिकाणं तिला पुन्हा बघायची होती. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. रात्री मशीन बंद पडता कामा नये, एवढं मात्र बजावलं. भक्तनिवासात रात्री लाइट जाणार नाही असं लिहून कोण देणार? म्हणून मी आणि दादाने मिळून एक जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं कॅम्पर करायचं ठरवलं.

त्यातलं सगळ्यात अवघड काम विजेचं निघालं. पलंग, कपाटं, पाण्याची टाकी हे सुतार आणि फॅब्रिकेटर नीट करून देतात. विजेचा विचार घरच्यांनाच करावा लागतो, कारण गाडीत कोण झोपणार आहे हे घरच्यांनाच माहीत असतं.

पहिली गोष्ट उन्हाची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे इथल्या कोणाला सांगायला नको. पण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेला असतो, हे मशीनच्या पुस्तिकेत वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्याहून बरंच वर जातं. म्हणजे आमच्यासाठी एसी ही चैन नव्हती, आईचं मशीन चालण्याची ती अट होती. आपल्याकडे घरोघरी कूलर असतो आणि कोरड्या हवेत तो झकास काम करतो. पण कूलरला खिडक्या उघड्या लागतात, पाणी लागतं, आणि जून लागला की त्याचा उपयोग संपतो. आम्ही एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. तो सुरुवातीला हजार वॅटच्या आसपास घेतो आणि गाडी एकदा थंड झाली की निम्म्यावर येतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू होताना कितीतरी पट करंट ओढतो. त्या एका झटक्यासाठी जनरेटर मोठा घ्यावा लागला असता.

मग मी वहीत हिशेब मांडला. रात्रीचे आठ तास धरले तर कॉन्सन्ट्रेटर २.८ युनिट, एसी सरासरी चारशे-पाचशे वॅट धरून साडेतीन-चार युनिट, फ्रिज आणि पंखे मिळून अर्धा युनिट. म्हणजे रात्रीला सात युनिट. ज्यांच्या घरात आजारी माणूस नाही त्यांचा आकडा याहून खूप कमी येईल, आणि मग त्यांचा निर्णयही वेगळा असेल. माझं म्हणणं एवढंच की दुकानात जायच्या आधी हा कागद तयार हवा. दुकानदार केव्हीएमध्ये बोलतो, आपली गरज युनिटमध्ये असते, आणि त्या दोन्हींचा मेळ आपणच घालायचा असतो. केव्हीएला ०.८ ने गुणलं की खरे किलोवॅट मिळतात. त्यातूनही उंचीसाठी दर ३०० मीटरला तीनेक टक्के आणि उष्णतेसाठी आणखी काही टक्के वजा करायचे. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. तिथे जनरेटरची दहा-बारा टक्के ताकद नुसत्या विरळ हवेत जाते.

यानंतर खरा प्रश्न आला, इंधन कुठलं.

पेट्रोलचे इन्व्हर्टर जनरेटर दिसायला सुबक, हलके आणि आवाजाला कमी. एकटा माणूस उचलून खाली ठेवू शकतो. दादाचा कल तिकडेच होता. वीज शुद्ध साइन वेव्हची, घरच्या विजेसारखी देतात, म्हणजे कॉन्सन्ट्रेटरलाही चालण्यासारखी. पण गाडी डिझेलची, त्यामुळे पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये बाळगावं लागणार. कायद्याने स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. परवानगी असली म्हणून सुरक्षित थोडंच होतं? पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. आपल्या मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याच्या गाडीत, जिथे एक माणूस ऑक्सिजनवर झोपलाय, तिथे पेट्रोलचा कॅन ठेवायला माझं मन कधीच तयार झालं नसतं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. यात्रेपुरता काढून बाकीचे महिने ठेवून दिलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये असं पेट्रोल शिळं झालं की नेमका गरजेच्या वेळी तो चालू होत नाही.

गॅसचा पर्याय काही जणांनी आवर्जून सुचवला. गॅस स्वच्छ जळतो, शिळा होत नाही, इंजिनात काजळी कमी धरते, हे सगळं खरं आहे. पण घरचा १४.२ किलोचा सिलिंडर इंजिनाला लावणं नियमात बसत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि कॅम्परमध्ये जमिनीलगतच बॅटऱ्या, प्लग आणि झोपणारी माणसं असतात. ज्यांच्याकडे ऑक्सिजनचा प्रश्न नाही ते खाली जाळी ठेवून, गळती ओळखणारा अलार्म लावून गॅस नीट वापरू शकतात. आमच्या गाडीत मात्र स्वयंपाकालाही ज्योत नको, हे आधीच ठरलं होतं. म्हणून शेगडीच्या जागी इंडक्शन आलं आणि गॅस गाडीतून पूर्ण बाहेर गेला.

उरलं डिझेल. त्याची वाफ पेट्रोलसारखी सहज भडकत नाही. गाडीच्या टाकीतलंच वापरता येतं, वेगळा डबा लागत नाही. एका लिटरमध्ये छोटा डिझेल जनरेटर अडीच-तीन युनिट देतो. तेवढ्याच आकाराचा पेट्रोलचा दीड-दोन युनिटच्या पुढे फारसा जात नाही. पण माझा निर्णय पक्का झाला तो आणखी एका कारणाने, आणि ते कारण खान्देशातल्या माणसाला लगेच पटेल. रावेर, यावल, चोपडा हा सगळा केळीचा पट्टा. विहिरीवर डिझेल इंजिन लावून पाणी उपसणाऱ्या पिढ्या इथे झाल्या. माझ्या माहेरच्या मळ्यातही ते इंजिन होतं. त्यामुळे नोझल, फ्युएल पंप, लाइनीत शिरलेली हवा काढणं, ही कामं जाणणारा मिस्तरी इथे लहान गावातही सापडतो. रात्री-अपरात्री जनरेटर अडला तर मला तो माणूस जवळ हवा होता. इन्व्हर्टर जनरेटरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलायला शहर गाठावं लागलं असतं.

डिझेलचे तोटेही सांगते. वजन फार. आम्ही घेतलेला साडेतीन केव्हीएचा, म्हणजे २८०० वॅटचा सेट कॅनॉपीसकट (आवाज दाबणाऱ्या पेटीसकट) दीडशे किलोच्या घरात आहे. किंमत त्याच ताकदीच्या साध्या पेट्रोल जनरेटरच्या दुपटीहून जास्त पडली. आणि आवाज. नियमाने डिझेल जनसेटच्या आवाजाला कॅनॉपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ७५ डेसिबल उशाशी असतील तर कोणाला झोप लागणार? शिवाय डिझेल इंजिन कमी लोडवर फार वेळ चालवलं तर न जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये धरते. रात्री एसी सावकाश चालतोय आणि २८०० वॅटचं इंजिन आठशे वॅटसाठी धडधडतंय, हा इंजिनावरही अन्याय आणि शेजाऱ्यांवरही.

म्हणून मधे बॅटरी आणली, आणि तिथेच आमचा प्रश्न सुटला. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, मिळून दहा युनिटच्या वर. जनरेटर संध्याकाळी दोन-तीन तास चालतो. त्या वेळी एसी, कॉन्सन्ट्रेटर आणि चार्जर मिळून त्याच्यावर सत्तर-ऐंशी टक्के लोड येतो, म्हणजे इंजिन त्याला मानवेल असं काम करतं. उरलेली भर दिवसा गाडी चालताना इंजिनवर फिरणाऱ्या अल्टरनेटरवरून आणि टपावरच्या सोलर पॅनेलमधून होते. रात्री दहाला जनरेटर बंद. सगळे झोपलेले असताना इंजिन चालवायचंच नाही, हा नियम आम्ही कधी मोडत नाही. सोलरवरच का नाही भागवलं, असं बरेच जण विचारतात. टपावर मावले तेवढे पॅनेल दिवसाला दोनेक युनिट देतात, आणि उन्हाळ्यात गाडी निंबाच्या सावलीत लावायची तर तेवढेही नाही. आईसाठी मी सावलीच निवडणार.

धुराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात हयगय चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. आपल्या गाड्यांचं दार डाव्या बाजूला, म्हणून जनरेटर मागे उजवीकडे घेतला. सायलेन्सरचा पाइप खाली न सोडता ट्रॅक्टरसारखा उभा, टपाच्या वर नेला. त्याने दोन गोष्टी साधल्या. धूर खिडक्यांच्या वरून जातो, आणि उन्हाळ्यात गाडीखालच्या वाळक्या गवताला तापलेला पाइप लागण्याची भीती राहत नाही. आत उशाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. काम झाल्यावर, आई गाडीत नसताना, मशीनही घरी ठेवून, आम्ही जनरेटर चालू केला आणि उदबत्ती पेटवून सगळ्या फटींजवळ धरून पाहिली. मागच्या दाराच्या रबराजवळ धूर आत ओढला जात होता. ते रबर बदलून घेतलं आणि मगच बाकीच्या कामाला हात लावला.

धुळ्याकडचे एक मिस्तरी आमच्याकडे जोडणीला होते. कॅनॉपी अजून आवळून बसवावी, आवाज आणखी कमी होईल, असं दादाचं म्हणणं. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, इंजिनले बी हवा लागस." आणि त्यांनी थंड हवा एका बाजूने घेऊन गरम हवा दुसऱ्या बाजूने बाहेर काढणारी मोकळी वाट करून दिली. गरम हवा फिरून परत आत आली तर एअर-कूल्ड इंजिन आपल्या उन्हाळ्यात तासाभरात तापतं. हवा घेण्याची जागा त्यांनी मागच्या चाकापासून लांब ठेवली, कारण काळ्या मातीची धूळ फिल्टर लवकर चोंदवते. टाकीतून डिझेल घेणारी जनरेटरची नळीही त्यांनीच आखूड कापली. पाव टाकी उरली की जनरेटर आपोआप बंद पडतो आणि दवाखाना गाठण्याइतकं डिझेल गाडीला राहतं. ही एक गोष्ट प्रत्येकाने करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

वायरिंगमध्ये दोन गोष्टींवर मी अडून बसले. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), आणि जनरेटरवर चालताना न्यूट्रल गाडीच्या बॉडीशी जोडलेला असणं. ती जोडणी नसेल तर वायर बॉडीला लागली तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. बाहेरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊ नयेत म्हणून चेंजओव्हर स्विच आहे. नातेवाइकांच्या गावी संध्याकाळी व्होल्टेज बरंच उतरतं, म्हणून बाहेरची वीज थेट मशीनला न देता आधी बॅटरीला देतो.

आरटीओचं काम मात्र ओळखीवर सोडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. जनरेटरचं वजन आणि जागा आराखड्यात आधीच दाखवली तर पुढचं सोपं जातं. जुना जनसेट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. जुलै २०२३ पासून नव्या सेटना धुराचे कडक निकष लागू झालेत, आणि आजारी माणसाजवळ चालवायचा तर नवाच घ्या.

या सगळ्याची खरी परीक्षा पद्मालयाला झाली, भर उन्हाळ्यात. बाहेर अंग भाजत होतं, आत अठ्ठावीस अंश. पहाटे बॅटरीत तिसरा हिस्सा शिल्लक होता आणि कॉन्सन्ट्रेटर एकदाही थांबला नव्हता. तरीही छोटा ऑक्सिजन सिलिंडर आम्ही सोबत ठेवतोच. आईला दोन लिटरचा प्रवाह लागतो, त्या हिशेबाने काही तासांची सोय होते आणि तेवढ्यात दवाखाना गाठता येतो.

आता गाडी उभी असली तरी दर महिन्याला अर्धा-पाऊण तास जनरेटर चालवते, तोही एसी आणि चार्जर लावून, भरल्या लोडवर. ऑइल आणि एअर फिल्टर पावसाळ्याआधी बदलून घेतले आहेत. दिवाळीनंतर सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं ठरलंय. दत्तजयंतीच्या थंडीत तापीकाठी एसी लागणार नाही, म्हणजे रात्रीचा हिशेब साडेतीन युनिटांवर येईल आणि जनरेटरला एक दिवसाआड सुट्टी मिळेल.