कांद्याच्या मुळीचं टोक

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज बॉटनीच्या प्रॅक्टिकलला पेशी दुभंगताना बघितली. म्हणजे हलताना दिसत नाही ती, मेलेलीच असते, काल सकाळी मुळी कापून ॲसिटिक अल्कोहोलमध्ये टाकली तेव्हा जी जिथं होती तिथंच थांबलेली. तरी पण बघितली. दहावीपर्यंत मराठी मिडीयमला सूत्री विभाजन म्हणून पाठ केलेलं, चार अवस्था, पाच मार्क. आज ते सूत्र म्हणजे खरंच सुतासारखं काहीतरी असतं हे कळलं. मॅडम म्हणाल्या की फ्लेमिंग नावाच्या जर्मन माणसाने 1882 ला मायटॉसिस हा शब्द काढला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पण धागाच. मग आपला मराठी शब्द किती बरोबर आहे!

कांदा मी घरूनच आणला होता, आपल्या कांदे साठवायच्या चाळीतला उन्हाळी. गुरुवारी होस्टेलच्या खिडकीत ग्लासवर ठेवला, नुसतं बूड पाण्याला टेकेल असा, जुन्या वाळलेल्या मुळ्या ब्लेडने खरवडून काढल्या आणि सोमवारपर्यंत बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या मुळ्या आल्या. सकाळीच कापायच्या असं सांगितलेलं, कारण तेव्हा जास्त पेशी विभाजनात सापडतात, म्हणून साडेआठलाच कापून बाटलीत घालून ठेवल्या.

आज पहिली स्लाईड वाया गेली. ॲसिटोकारमाईन हा लाल रंग आणि थोडं एचसीएल ॲसिड वॉचग्लासमध्ये घेऊन स्पिरिट लॅम्पवर जरासं कोमट केलं, उकळू द्यायचं नाही, इथपर्यंत सगळं नीट होतं. ॲसिडने पेशींना एकमेकींशी चिकटवणारं पेक्टिन सुटतं म्हणून दाबल्यावर त्या पसरतात. मग मी मुळी स्लाईडवर घेतली, शेवटचा काळपट लाल झालेला भाग जळल्यासारखा वाटला म्हणून तो कापून टाकला आणि वरचा फिकट भाग ठेवला. मायक्रोस्कोपमध्ये नुसत्या लांबट पेशी, एका रांगेत, सगळ्या शांत, एक पण फुटत नाहीये. मॅडम आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं, टोक कुठंय? जे बघायचं तेच टाकून दिलंस."

टोकाचे दोन-तीन मिलीमीटर, बस. नव्या पेशी तयार होतात त्या तिथं. वरच्या पेशी नुसत्या लांब होतात आणि टोकाला पुढे ढकलतात. तिथल्या पेशींत केंद्रकं मोठी आणि गर्दी पण फार, म्हणून रंग पण गडद धरतो. हा रंग निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनीअल नावाच्या किड्यापासून काढतात हे लॅबमधल्या काकांनी सांगितलं, ते ऐकल्यापासून त्या बाटलीकडे वेगळंच बघते मी.

दुसऱ्या वेळी फक्त टोक ठेवलं. कव्हर स्लिप, वर फिल्टर पेपरची घडी, सुईच्या मागच्या बाजूने हळूहळू ठोकलं आणि अंगठ्याने सरळ खाली दाबलं, जरा जरी बाजूला सरकलं तर पेशी गुंडाळल्या जातात. आधी 10 एक्सवर शोधलं, मग 45 वर नेलं.

आणि दिसलं. बहुतेक पेशी नुसत्याच गोल केंद्रकाच्या, पण मधेच एकीत धाग्याचा गुंता, एकीत सगळे तुकडे मधल्या रेषेवर ओळीने उभे, आणि कडेला एक होती जिच्यात दोन घोळके दोन टोकांना निघालेले, प्रत्येक धाग्याची शेपटी मागे लोंबतेय, जसं कोणी मधे धरून ओढतंय. हे धागे म्हणजेच गुणसूत्रं, कांद्याची 16. मी मोजायला गेले, 13 पर्यंत आले आणि मग एकावर एक आलेली. परत मोजली, परत तेच. शंभर पेशी मोजायला सांगितल्या होत्या, माझ्या 11 विभाजनात निघाल्या. जर्नलमध्ये पुस्तकासारखी सुबक आकृती न काढता जशी दिसली तशी वाकडी काढली, मॅडमनी तीच सही करून दिली. फार बरं वाटलं.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. पावसाळ्यात दमट हवेने चाळीतल्या कांद्याला मुळ्या सुटल्या की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात, तो माल बाजूला काढावा लागतो, भाव मिळत नाही. लहानपणापासून मी ते कांदे निवडत आलेय, त्या मुळ्या हातांनी मोडत आलेय. एकदाही वाटलं नाही की त्या टोकात एवढं काही चाललेलं असेल. हे सगळं अण्णांना सांगितलं, त्यांनी मधे न बोलता ऐकलं आणि मग विचारलं, "मग लावणीला रोप उपटतो तवा टोकं तुटत्यातच की, तरी रोप धरतं कसं?"

मला येईना. अंदाजाने सांगितलं की बुडातून नवीन मुळ्या येत असतील, पुस्तकात ते बूड म्हणजेच कांद्याचं खोड, आपण खातो ते पानांचे जाडे झालेले भाग. अण्णा म्हणाले, बघून सांग.

खिडकीतल्या कांद्याच्या सगळ्या मुळ्या काल कापल्या होत्या. आत्ता टॉर्च लावून बघितलं तर बुडाच्या कडेला दोन पांढरे ठिपके वर आलेत, जुन्या मुळ्यांच्या जागेवर नाही, त्यांच्या जरा बाहेरच्या बाजूला. उद्या अजून एक कांदा आणून बूड उभं चिरून बघणार आहे.