परत आलेल्या चाकूंनी ठरवलेलं पोलाद

खिशातले मिटणारे चाकू बनवणाऱ्या आमच्या कार्यशाळेत एक लाकडी खण आहे. परत आलेले चाकू त्यात पडतात. कुणाचं पातं गंजलेलं, कुणाच्या धारेला दातरे पडलेले, कुणाचं नुसतंच बोथट. बदली चाकू पाठवून झाला तरी जुना आम्ही टाकून देत नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही पोलाद तीन वेळा बदललं, आणि तिन्ही वेळा निर्णय या खणानेच घेतला. तक्ते आणि आलेख आम्ही आधी वाचले होते, पण ते कळले मात्र नंतर.

सुरुवात १०९५ ने केली. साधं कार्बनी पोलाद, कार्बन साधारण ०.९५ टक्के, क्रोमियम जवळपास नाही. नवख्याला ते परवडतं कारण भट्टी साधी चालते: ८०० अंशांच्या आसपास तापवायचं, चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं पुढे न्यायचं आणि तेलात बुडवायचं. म्हणायला सोपं. प्रत्यक्षात या पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कडक करताना, जेमतेम सेकंदभराची सवड मिळते. भट्टी आणि तेल यांच्यात दोन पावलं जास्त पडली की पातं अर्धवट कडक होतं. पहिल्या महिन्यांत आमची सगळी हुशारी भट्टी आणि तेलाचं भांडं जवळ आणण्यात गेली.

धार मात्र सुरेख यायची. आमच्याकडे धार लावणारे काका आहेत; ते आजही म्हणतात, "दगडावर बोलणारं पोलाद ते. तुमची बाकीची सगळी मुकी." काकांचं खरं आहे. पण खिशातल्या चाकूचं आयुष्य दगडावर जात नाही, खिशात जातं. घाम, पावसात भिजलेलं कापड, फळ कापून न पुसता मिटलेलं पातं. साध्या सुरीचं पातं उघडं असतं, पुसलं की झालं. मिटणाऱ्या चाकूत पाणी बिजागरीत शिरतं आणि तिथे फडकं पोहोचत नाही. खणात पडलेले पहिले चाकू बाहेरून ठीकठाक होते. खोलले की पिव्होटभोवती लाल चिखल. तेल लावत जा, असं आम्ही प्रत्येक डबीत लिहून पाठवत होतो. लोक तेल लावत नाहीत. यात लोकांची चूक नाही, हे उमजायला आम्हांला वर्ष लागलं.

मग डी२ वर आलो. हे मुळात साचे आणि पंच यांचं पोलाद. क्रोमियम ११ ते १३ टक्के, म्हणून त्याला 'जवळजवळ स्टेनलेस' म्हणायची पद्धत आहे, आणि आम्हीही तसंच म्हणत विकलं. या 'जवळजवळ'चा अर्थ खणाने समजावला. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का असतो, आणि कार्बन क्रोमियमला मोकळं सोडत नाही. दोघांचे कार्बाइडचे कण बनतात. गंज थोपवायला लागतं ते पोलादात विरघळलेलं, मोकळं क्रोमियम. ते निम्म्याच्या आसपास कणांतच अडकलं तर कागदावर १२ दिसतात, पात्यावर तेवढे नसतात. ठिपके पडायचे. १०९५ सारखं सरसकट नाही, पण पडायचे.

त्याहून मोठं दुखणं टवक्यांचं होतं. नेहमीच्या ओतीव डी२ मधले कार्बाइड मोठे असतात, आणि बारीक धारेत असा एखादा कण कडेलाच आला की तो निघून जातो आणि मागे खाच ठेवतो. पुठ्ठा आणि दोर कापायला हे पोलाद चिवटपणे झटतं, धार खरबरीत होऊनही कापत राहतं. पण पुठ्ठ्यात पिन निघाली की संपलं. भिंगातून पाहिलं तर करवतीसारखी कड.

यानंतरचा काळ जरा लाजिरवाणा आहे, पण सांगायलाच हवा. आम्ही नावाच्या मागे लागलो. पात्यावर एस३०व्ही कोरलेलं असलं की गिऱ्हाईक चाकू उघडून न पाहताच घेतं, हे आम्हांला कळलं होतं. एस३०व्ही हे क्रुसिबल या अमेरिकी कंपनीचं पोलाद २००१ साली आलं, आणि ते मुद्दाम चाकूंसाठी घडवलेलं म्हणून गाजलं. तोवर चाकूवाले बहुतेक दुसऱ्यांच्या घरचं पोलाद उसनं घेत आले होते: डी२ साच्यांचं, १५४सीएम जेट इंजिनांच्या बेअरिंगचं (ते चाकूंत रुजवलं अमेरिकी चाकू-कारागीर बॉब लव्हलेस यांनी, १९७०च्या दशकात), एईबी-एल दाढीच्या पात्यांचं. एस३०व्ही पावडरचं पोलाद आहे. वितळलेल्या धातूचा वायूच्या झोतात फवारा करतात, त्याची भुकटी होते, आणि ती प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पुन्हा सलग करतात. कणाकणाला गोठायला क्षणभरच मिळतो, म्हणून कार्बाइडना मोठं व्हायला वेळ मिळत नाही. डी२ चा टवक्यांचा आजार यात बराच आटोक्यात येतो. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम. पुढे २००९ मध्ये आलेल्या एस३५व्हीएन मध्ये ते ३ टक्क्यांवर आणून अर्धा टक्का नायोबियम घातलं, चिवटपणा वाढावा म्हणून. आम्ही दोन्ही वापरली.

ग्राइंडरचे पट्टे कापरासारखे उडू लागले. पॉलिश करणाऱ्या मुलाने एकदा पातं टेबलावर ठेवून सरळ सांगितलं, "दादा, हे चमकत नाही. मी चमकतोय घामाने." तरी विक्री होती, म्हणून रेटलं.

आणि खण पुन्हा भरू लागला. या वेळी गंज नव्हता, टवके क्वचित. नुसते बोथट चाकू. सोबतच्या एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "दोन महिने तलवार, आता पट्टी." आम्ही चक्रावलो, कारण धार टिकण्यात हे पोलाद आधीच्या सगळ्यांच्या पुढे. मग काकांनी तोच चाकू घेतला, घरोघरी असतो तसला साधा दगड घेतला आणि घासत बसले. अर्ध्या तासाने दगडाला खळगा पडला, धार होती तिथेच. व्हॅनेडियम कार्बाइडचा कडकपणा विकर्स मापात सुमारे २८०० भरतो. साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा त्याच्या बराच खाली, २००० च्या आसपास. क्रोमियमचे कार्बाइड त्याहून मऊ, म्हणून डी२ त्या दगडावर हट्टीपणाने का होईना, लागतं. व्हॅनेडियमवाल्या पोलादाला मनासारखी धार लावायची तर हिऱ्याचा दगड हवा. तो आमच्या टेबलावर होता, गिऱ्हाइकाच्या घरी नव्हता. आम्ही लोकांना जास्त टिकणारी धार विकली होती. ती परत कशी आणायची, ते त्यांच्या हातात ठेवलंच नव्हतं.

याच काळात एका खेपेने वेगळाच धक्का दिला. हीट ट्रीटमेंट, म्हणजे पाती तापवून कडक करण्याचं काम, तेव्हा बाहेर करून घेत असू. एक अख्खी खेप मऊ आली आणि आम्ही न तपासता जोडून पाठवली. कडकपणा ६० रॉकवेल सांगितला होता, परत आलेली पाती दुसरीकडे मोजली तर ५७ भरली. भागीदार त्या लोकांवर भडकला. मी म्हटलं, आपल्याकडे मोजायचं यंत्र नाही हा दोष कुणाचा? पुढच्या महिन्यात रॉकवेल यंत्र आलं: १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, १५० किलोचा भार, आणि तो किती खोल रुतला त्यावरून आकडा. तेव्हापासून प्रत्येक खेपेतली काही पाती त्याखाली जातात. पात्यावर पोलादाचं कोणतंही नाव कोरा, ५७ ला ते नाव खोटंच असतं.

यंत्र आलं तसे प्रयोगही सुरू झाले. धार किती टिकते ते मोजायची प्रमाण पद्धत आहे, आयएसओ ८४४२-५. त्यात सिलिका मिसळलेल्या कागदी पट्ट्या ठरावीक भाराखाली कापतात आणि किती खोल कापलं ते मोजतात. ते यंत्र आमच्या आवाक्याबाहेर. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या पट्ट्या, तागाचा दोर आणि खाली ठेवलेला वजनकाटा. किती किलो जोर लावला की दोर तुटतो, ते काट्यावर पाहायचं. ठरलेल्या जोराला तुटेनासा झाला की पातं बाद. ढोबळ, पण एकाच हाताने कापलं की तुलना करता येते. हात भागीदाराचा, कारण माझा मूड बदलला की जोर बदलतो असं सगळ्यांचं मत पडलं.

एकदा गंमत म्हणून एकाच पोलादाची दोन पाती वेगवेगळी घासली. एक आमच्या नेहमीच्या पद्धतीने, प्रत्येक बाजूला २० अंश आणि धारेमागे जाडी जवळपास ०.७ मिलिमीटर. दुसरं १५ अंश, मागे ०.३५. दुसऱ्याने पहिल्याला लाजवलं, इतकं की भागीदाराने काटा बिघडलाय म्हणून तो दोनदा तपासला. मग बारीक घासलेलं एक साधं पातं जाड घासलेल्या एस३०व्हीसमोर लावलं, आणि साधंच पुढे गेलं. बोथट झाल्यावरही बारीक पातं कापत राहतं, कारण मागची पाचर छोटी असते; जाड पातं धारदार असतानाही पुठ्ठा फाडतच पुढे सरकतं. पोलाद बदलण्यात आम्ही वर्षं घालवली होती आणि खरा फरक ग्राइंडरवर पडून होता. जाड का घासत होतो? डी२ च्या टवक्यांच्या भीतीने. डी२ गेलं, भीती हातात राहिली.

इथून पुढे प्रश्नच बदलला. सर्वांत जास्त वेळ कोण टिकतं, हे विचारायचं सोडलं. १५ अंशांवर, एवढ्या पातळ अंगावर कोणतं पोलाद न तुटता उभं राहतं, आणि घरच्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येतं? असं विचारलं की आपोआप दाढीच्या पात्यांच्या कुळात जावं लागतं. एईबी-एल, १२सी२७, १४सी२८एन. या कुळात कार्बन मोजकाच, साडेसहा दशांश टक्क्यांच्या आसपास, आणि क्रोमियम १३-१४. प्रमाण असं बेतलेलं की मोठे कार्बाइड बनतच नाहीत. आम्ही १४सी२८एन घेतलं. त्यात कार्बन ०.६२, क्रोमियम १४ आणि नायट्रोजन ०.११ टक्के; नायट्रोजन कार्बनचं थोडं काम उचलतो, त्यामुळे कडकपणा राखूनही क्रोमियम मोकळं राहतं. गंजाला हे पोलाद खरोखर दाद देत नाही. घामट खिशांची फौज आमच्याकडे घरचीच आहे, त्यामुळे तपासायला बाहेर जावं लागलं नाही.

पाणी द्यायची रीत पूर्ण वेगळी निघाली. १०५० ते १०८० अंश, म्हणजे साधी भट्टी बाद. पातं स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचं, नाहीतर वरच्या थरातला कार्बन जळतो. बाहेर काढलं की तेल नाही, ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांत दाबायचं. निवतंही आणि पातळ पातं वाकतही नाही. त्यानंतर लगेच कोरड्या बर्फात, उणे ७० च्या खाली, कारण पाणी दिल्यावरही पोलादाचा काही भाग मऊ रूपातच अडकून राहतो आणि तो थंडीत वळतो. मग १७५ अंशांवर दोनदा टेंपर, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा हलकं तापवणं. आमचं उत्तर ६० ते ६१ रॉकवेल येतं. ही शिस्त बाहेर कुणाकडून पाळून घेणं जमेना, म्हणून भट्टी आम्हीच घेतली. कर्ज काढलं, ते अजून फिटतंय.

आता काकांनी एक नियम घातलाय: कडक झालेल्या पात्यावर ग्राइंडर चालवताना हातमोजा नाही. उघड्या बोटांना चटका बसला की पाण्यात बुडव. धार इतकी पातळ की क्षणात तापते. कडेला गवती पिवळा रंग दिसला म्हणजे २०० अंश ओलांडले, आणि आपलं टेंपर तर १७५ चं. यंत्रावर पात्याच्या पाठीला ६१ येतील आणि धार मेलेली असेल. हे यंत्राला कळत नाही, बोटाला कळतं.

"साधं पोलाद वापरता आणि मिरवता," असं ऐकावं लागतं. ऐकतो. २०२१ मध्ये धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांचं मॅग्नाकट हे पोलाद आलं, तेव्हा आम्हीही पट्ट्या मागवल्या. क्रोमियम साधारण १०.७ टक्केच, पण क्रोमियमचे कार्बाइड जवळपास नाहीतच, म्हणून असेल तेवढं मोकळं. चिवटपणा आणि गंजरोध दोन्ही एकत्र, डोकं लावून केलेलं काम. त्याच्या छोट्या खेपा आम्ही करतो, आणि ते मागणाऱ्याला आधी विचारतो, हिऱ्याचा दगड आहे का. नाही म्हणाला तर १४सी२८एन कडे वळवतो. विक्री थोडी बुडते. खणही रिकामा राहतो.

पूर्णच रिकामा नाही. हल्ली येतात ती टोक मोडलेली पाती: चाकूने डबा उचकटला, स्क्रू फिरवला. त्यावर पोलादात औषध नाही, टोक थोडं जाड ठेवलंय. आणि अधूनमधून समुद्रावर काम करणाऱ्यांचे येतात, खाऱ्या पाण्याने धारेलगत बारीक खड्डे पडलेले. त्यांच्यासाठी एलसी२००एन पाहतोय, ज्यात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजनच करतो. दोन पाती घासून तयार आहेत. एक मिठाच्या पाण्यात पडलंय. दुसरं काकांच्या खिशात आहे, आणि ते अजून काहीच बोललेले नाहीत.