गच्चीवरचं वाळवण

दिवाळीला चार दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला गॅलरीत आलो, तर समोरच्या गच्चीवर वाळवण घातलेलं. पापड-कुरड्यांचे दिवस तर केव्हाच सरले. चष्मा लावून पाहिलं. जुन्या पेपरावर लवंगीच्या लडी, अनार, चक्र्या आणि एका रांगेत सुतळी बम. शेजारी नऊ-दहा वर्षांचा पोरगा काठी घेऊन राखणीला बसलेला. कावळे फटाके खात नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

"बाबू, सावलीत घे ते! स्लॅब तापला आहे."

"सादळले आहेत ना काकाजी!"

सादळणं हे क्रियापद आता पापड आणि फटाके या दोघांपुरतंच उरलं आहे.

लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात फटाक्यांची वाटणी व्हायची. मधोमध आजी, भोवती आम्ही पाच भावंडं. फुलबाज्या मोजून मिळत, लवंगीची लड सोडवून सुटी केली जाई. अख्खी लड एकदम लावणं म्हणजे उधळेपणा; एकेक लवंगी उदबत्तीनं लावली की तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते. नागगोळ्या सगळ्यात धाकट्याला, कारण त्या बिनधोक. फार तर फरशीवर काळा डाग पडायचा. २०१६ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी फटाक्यांचा धूर मोजला, तर सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले नागगोळीतूनच. धाकट्याला हे सांगितल्यापासून तो मला फोनवर मुद्दाम खोकून दाखवतो.

बाबांचे नियम वेगळे. ओट्यावर पाण्यानं भरलेली लोखंडी बादली, जळालेल्या फुलबाजीची तार तिच्यातच टाकायची. नवा टेरिलीनचा शर्ट उतरवून जुनी सुती बंडी घालायची. वर्षातून एकदा नवा शर्ट मिळायचा आणि तो ज्या रात्री मिरवायचा त्याच रात्री बंडी! हे दुःख मी अजून विसरलेलो नाही. आणि फुस्स झालेल्या अनाराकडे फिरकायचंसुद्धा नाही. मी फिरकलो. अंगठा भाजला. काकू टूथपेस्ट घेऊन धावली, पण बाबांनी मला दंडाला धरून नळाखाली उभं केलं ते केलंच. मी रडून थकलो, नळ चालू. वीस मिनिटं वाहतं पाणी, असं आता डॉक्टर सांगतात. बाबांनी ते कुठे वाचलं असेल असं वाटत नाही. ते मुळातच हट्टी होते.

भिंतीपलीकडे शेजारच्या काकाजींचा गोठा. एकच गाय, तांबडी. कुणी मोठा फटाका लावणार असेल तर आधी भिंतीवरून हाक द्यायची, असा रिवाज होता.

"काकाजी, बम लावून राहिलो!"

"थांब बापा, गाय आतमंधी घेऊ दे पहिले."

मग आतून दाराची कडी वाजायची आणि आम्ही वात पेटवायचो. त्या कडीची वाट पाहण्यात अर्धी मजा होती, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. हल्ली हाक कुणाला देणार? खालच्या मजल्यावर कोण राहतं तेच माहीत नसतं.

समोरच्या पोरानं एक खोका उचलून मला दाखवला. "काकाजी, ग्रीनवाले आहेत!" म्हणजे आपल्याच नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये शोधून काढलेले. धुरातले कण साधारण तीस टक्क्यांनी कमी. गंमत म्हणजे फटाक्याला हिरवा रंग येतो तो बेरियममुळे, आणि बेरियमवरच सुप्रीम कोर्टाची बंदी. चांगलंच काम आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण गाईच्या कानाला त्या तीस टक्क्यांचं काय?

एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री कडी वाजायच्या आधीच रॉकेट सुटलं. बाटली कलंडली आणि ते आभाळाऐवजी भिंतीवरून आडवं गेलं, थेट गोठ्यातल्या कुटारावर. बाबा बादली घेऊन भिंत चढले. बाबांना धावताना मी तेव्हाच काय ते पाहिलं. आग लगेच विझली. गाय मात्र दोरी तोडून अंधारात पळाली होती. काकाजी कंदील घेऊन पार शुक्रवारी तलावापर्यंत शोधत गेले. पहाटे परत आणली.

दुसऱ्या दिवशी गायगोधन. शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूची माळ, पण अंगावर हात ठेवला की थरथरायची. काकाजी काहीच बोलले नाहीत. दरवर्षीसारखंच आम्हा पोरांना बोलावून त्यांनी आमच्या हातून तिला घास भरवला. दादाला मात्र घरी मार बसला आणि त्याचे उरलेले सगळे फटाके आमच्यात वाटले गेले.

रॉकेट आपण लावलंच नव्हतं असं दादा आजही, साठीला आल्यावरही, दर दिवाळीला सांगतो. सगळे हसतात.

खरंच सांगतो तो. बाटलीत रॉकेट मी ठेवलं होतं.