गवतावरचा शेक्सपिअर

नेरूळमधल्या आमच्या सेक्टरच्या उद्यानात या फेब्रुवारीत सलग तीन संध्याकाळी शेक्सपिअरची नाटके झाली. प्रवेशद्वारावरच्या फलकावर ‘प्रवेश विनामूल्य’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि त्या विनामूल्य प्रवेशाचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मी काही नाटकवाला नव्हे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आकडे कळत असणारच, असा रहिवाशांचा समज असतो, आणि त्या समजाच्या भांडवलावर मी समितीत गेलो.

पहिल्याच बैठकीत वाद झाला तो नाटकांच्या निवडीवरून नव्हे, तर तिकिटावरून. निदान दहा रुपये तरी घ्यावेत, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची आपल्याकडे कोणालाच किंमत नसते, असे दोघा-तिघांचे म्हणणे होते. खरे सांगायचे तर मीही त्यांच्याच बाजूचा होतो. ‘विनामूल्य’ हा शब्द फलकावर शोभतो, पण घरी आपण त्यालाच ‘फुकट’ म्हणतो, आणि ‘फुकट गेले’ या शब्दप्रयोगाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नाटके बसवणारी मंडळी मात्र ऐकेनात. बागेत फिरायला आलेला माणूस सहज थांबला पाहिजे. त्याला खिशात हात घालावा लागला तर तो थांबणारच नाही, असे त्यांचे साधे म्हणणे होते. अखेर बहुमताने तिकीट रद्द झाले आणि खर्च वर्गणीतून भागवायचे ठरले.

पुढे परवानग्यांचे सत्र सुरू झाले. सार्वजनिक प्रयोग करायचा म्हणजे संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. शेक्सपिअरच्या संहितेची तपासणी आता कशाला, असे म्हणून आमचे काही सभासद हसले, पण खुद्द शेक्सपिअरलाही या वाटेने जावे लागले होते. राणी एलिझाबेथच्या दरबारात ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ नावाचा अधिकारी असे आणि नाटक रंगमंचावर येण्याआधी त्याची मंजुरी घ्यावी लागे. १५७९ ते १६१० या काळात त्या पदावर एडमंड टिल्नी होता, म्हणजे शेक्सपिअरची बहुतेक नाटके त्याच्याच नजरेखालून गेली असणार. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांकडे वेगळा अर्ज करावा लागला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. तेवढा आवाज तर उद्यानासमोरच्या थांब्यावर रिक्षावाले आणि गिऱ्हाईक मिळूनच करत असावेत.

सर्वांत कडक अट मात्र गवताची निघाली. हिरवळीत खुंटी ठोकायची नाही, मंडप घालायचा नाही, जनरेटर फरशीवरच ठेवायचा आणि गवताचे नुकसान झाल्यास ते अनामत रकमेतून वळते करून घेतले जाईल, असे आम्हाला लेखी कळवण्यात आले. मी वैतागलो होतो. नाटके बसवणाऱ्या मुलीने तेव्हा मला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली आणि मी घरी जाऊन ती नीट वाचून काढली. जोसेफ पॅप या गृहस्थाने १९५४ मध्ये तिथे शेक्सपिअरसाठी कार्यशाळा सुरू केली आणि १९५७ पासून तो सेंट्रल पार्कमध्ये विनामूल्य प्रयोग करू लागला. १९५९ मध्ये शहराच्या उद्यानांचा आयुक्त रॉबर्ट मोझेस याने त्याला बजावले की प्रेक्षकांच्या गर्दीने गवताची झीज होते, तेव्हा तिच्या भरपाईसाठी तिकीट लावा. एक-दोन डॉलरचाच प्रश्न होता, पण पॅपने नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. वरिष्ठ न्यायालयाने पॅपच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९६२ मध्ये त्याच बागेत सुमारे अठराशे आसनांचे डेलाकोर्ट थिएटर उभे राहिले आणि त्याचा आरंभ ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ने झाला. कर्ज आणि तारण यांच्यावर बेतलेले नाटक विनामूल्य रंगमंचाच्या उद्घाटनाला निवडले गेले, याची एका माजी बँकवाल्याला गंमत वाटणारच.

वर्गणी गोळा करताना मला आणखी एक धडा मिळाला. करावे गावातल्या एका वयस्कर गृहस्थांकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “जत्रेतल्या नाटकाला तुम्ही कधी तिकीट काढलंत का?” त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गावजत्रेतला तमाशा असो किंवा तळकोकणातला देवळापुढचा दशावतार, बघणाऱ्याकडून पैसे कोणी मागत नाही. गाव किंवा देवस्थान तो खर्च आधीच उचलते. आम्ही जे न्यूयॉर्कहून शिकल्यासारखे बोलत होतो, ते गावठाणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते. तिकीट लावून, छपराखाली, पडदा वर जाण्याची वाट पाहत नाटक बघणे हीच आपली अलीकडची सवय आहे, आणि मराठीतला शेक्सपिअर नेमका त्या सवयीबरोबर वाढला. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (म्हणजे ‘हॅम्लेट’), देवलांचा ‘झुंजारराव’ (‘ऑथेल्लो’), शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ (‘मॅकबेथ’) ही सगळी तिकिटाच्या नाट्यगृहाची किंवा वाचनाच्या टेबलाची अपत्ये आहेत. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मी पुष्कळ नाटके पाहिली, पण समोर चाललेल्या नाटकावरून कावळा उडत गेल्याचे कधी पाहिले नव्हते.

पहिल्या दिवशी महाविद्यालयीन मुलांनी हिंदीतून ‘मॅकबेथ’ केला आणि तो पडला. मुले वाईट नव्हती. पण तासाभरात बसवण्यासाठी त्यांनी दारुड्या द्वारपालाचा प्रवेश कापून टाकला होता, आणि ती चूक होती असे माझे मत आहे. खुनानंतर दार ठोठावले जाते तेव्हा शेक्सपिअर प्रेक्षकांना हसवून मोकळे करतो आणि मगच पुढे नेतो. तो माणूस उघड्यावर उभ्या असलेल्या गर्दीसाठी लिहीत होता. आमच्या गर्दीला तेवढी उसंत मिळाली नाही. शे-सव्वाशे माणसे सुरुवातीला होती, ती उजेड सरेपर्यंत निम्म्यावर आली. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल व्हावेत म्हणून तरी शेवटपर्यंत बसतो. विनामूल्य प्रेक्षक कोणाचे काही देणे लागत नाही. त्याचा रस संपला की तो चप्पल घालतो आणि भेळेच्या गाडीकडे वळतो. फुकट्याला किंमत नसते, असे मी बैठकीत म्हणालो होतो. त्या संध्याकाळी मला दिसले की तो दर पाच मिनिटांनी नव्याने किंमत ठरवत होता.

दुसऱ्या दिवशी मराठीतून ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ होते. या नाटकात राजाच्या लग्नात नाटक करायचे म्हणून अथेन्सचे कारागीर रानात तालमीला जमतात. हा हिरवा तुकडा आपला रंगमंच आणि ही झुडपांची जाळी आपली रंगपटाची खोली, असे त्यांचा म्होरक्या सुतार ठरवून टाकतो. आमच्या प्रयोगात कारागिरांची मूळ नावे काढून टाकली होती आणि सगळे एकमेकांना धंद्यावरूनच हाक मारत होते: सुतार, विणकर, शिंपी, कल्हईवाला. हा हिरवा तुकडा, असे म्हणत सुताराने ‘गवतावर बसू नये’ या पाटीकडे बोट दाखवले आणि त्या क्षणापासून बाग आमची झाली. चालण्याच्या मार्गावर फेऱ्या मारणाऱ्या बायका आधी वेग कमी करून, मग कठड्याला टेकून आणि शेवटी चक्क खाली बसून बघू लागल्या. विणकराच्या डोक्यावर गाढवाचे मुंडके आल्यावर घसरगुंडीवरची सगळी मुले पुढे धावली. त्यांतल्या एकाने गाढवाला हातातले कणीस देऊ केले आणि नटाने ते खाल्लेही.

कारागिरांपुढचा मोठा पेच चंद्राचा असतो. त्यांच्या नाटकातले प्रेमिक चांदण्यात भेटतात, मग रंगमंचावर चांदणे आणायचे कसे? त्या रात्री चंद्र आहे का, हे बघायला ते पंचांग मागवतात. आमच्या समितीनेही तेच केले होते. मधला दिवस माघ पौर्णिमेचा यावा, या बेताने आम्ही कालनिर्णय बघून तारखा घेतल्या होत्या, आणि पारसिकच्या डोंगरावरून चंद्र वर येताच पुढचे चांदण्याचे संवाद कसे रंगतील, याची स्वप्ने रंगवली होती. कालनिर्णय बरोबर होते. डोंगर आणि आम्ही यांच्यामध्ये गेल्या दोन वर्षांत उभी राहिलेली इमारत मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. सूर्य मावळला, अंधार पडला, पण चंद्राचा पत्ता नव्हता. मूळ नाटकात शिंपी हातात कंदील धरून ‘मी चंद्र आहे’ असे सांगतो, तसे आमच्या शिंप्यानेही सांगितले, आणि ती वेळ निभावली. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमागून खरा चंद्र बाहेर आला. एका बाईने बोट दाखवले आणि बसलेली सगळी माणसे रंगमंचाकडे पाठ करून त्याच्याकडे बघू लागली. शिंपी थोडा वेळ थांबला, मग कंदील खाली ठेवून म्हणाला, “साहेब आले, आता आमची ड्यूटी संपली.” हे वाक्य संहितेत नव्हते आणि परिनिरीक्षण मंडळाने पाहिलेलेही नव्हते. इतका मोठा हशा मी भावे नाट्यगृहातही क्वचितच ऐकला आहे.

तिसऱ्या दिवशी निरनिराळ्या नाटकांतले प्रवेश होते. ते बरे झाले, याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

शेवटी समितीतल्या कोणीतरी मातीचा गल्ला फिरवावा असे सुचवले आणि ती कल्पना मला आवडली. लंडनला शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ थिएटरच्या जागेवर १९८९ मध्ये उत्खनन झाले तेव्हा मातीच्या फुटक्या गल्ल्यांचे तुकडे सापडले. दारात पेनी गोळा करायची आणि नंतर गल्ला फोडून मोजायची, अशी तेव्हाची पद्धत होती. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरमध्ये अंगणात उभे राहायला एक पेनी पडे आणि सज्जात बसायला आणखी एक. नाटकाचे उत्पन्न म्हणजे ‘गल्ला’ हे आपल्या मराठी नाटकवाल्यांचेही म्हणणे आहे, हे तिकडच्यांना सांगितले पाहिजे. आमचा गल्ला मी घरी स्वयंपाकघरात फोडला. त्यात नोटा होत्या, नाणी होती आणि एका मुलाने टाकलेल्या दोन लिमलेटच्या गोळ्या होत्या. वर्गणी धरूनही खर्च पुरता भागला नाही, तो फरक समितीतल्या सहा जणांनी वाटून घेतला.

सोमवारी सकाळी उद्यानातल्या माळीदादांबरोबर हिरवळीची पाहणी केली. जनरेटरच्या बाजूला काहीच झाले नव्हते. मुले पुढे धावून बसली होती, तिथे मात्र सतरंजीएवढा पट्टा पिवळा पडला होता. “पाणी मारलं की आठ दिवसांत वर येईल,” असे माळीदादा म्हणाले. पण अर्जावर नुकसान लिहिणे भाग होते, त्यामुळे अनामतीतून काही रक्कम वळती झाली. हिशेबाच्या वहीत ती कोणत्या सदरात घालावी, हे मला बराच वेळ सुचेना. शेवटी ‘जनरेटर’, ‘ध्वनिक्षेपक’ आणि ‘खुर्च्या’ यांच्या खाली एक नवी ओळ आखली आणि तिथे ‘गवत’ असे लिहिले.