वरची खोली

जळगाव, १४ डिसेंबर

बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना यापुढे खोल्या भाड्याने द्यायच्या नाहीत, असे आज संध्याकाळी गल्लीच्या बैठकीत ठरले. मुलांचे दिवे रात्री दोनपर्यंत चालू असतात आणि गाड्या दारात उभ्या राहतात, एवढीच तक्रार होती. मी विरोध केला, पण तिथे मला नीट बोलता आले नाही. जे राहून गेले ते इथे लिहितो.

ठराव समोरच्या काकांनी मांडला, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. त्यांचे आईवडील फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आले, आणि तेव्हा त्यांना जळगावात कोणी खोली देत नव्हते, हे त्यांच्याच तोंडून मी कितीदा ऐकले आहे. त्यांच्याकडे दाल पकवान झाले की पहिली ताटली आजही आमच्या घरी येते. कोपऱ्यावरच्या घराचे मूळ मारवाडातले. माझे वडील यावल तालुक्यातून डाळमिलमध्ये हिशेब लिहायला आले, आणि त्यांच्या लेवा बोलीला इथले लोक हसत असत.

आमच्या मागच्या खोलीत सोन्याचे काम करणारे तीन बंगाली कारागीर बसतात. दिवसभर कानस चालते आणि संध्याकाळी ते मांडीवरचे फडके जपून झटकतात, ब्रशने पाटाच्या फटी साफ करतात आणि तो सगळा कचरा डब्यात साठवतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. सराफ बाजाराच्या नावलौकिकात या हातांचाही वाटा आहे.

विद्यार्थ्यांचे म्हणाल तर, आमच्या वेळी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि लहानसहान कामासाठीसुद्धा पुणे गाठावे लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी इथे विद्यापीठ झाले, आणि धुळे-नंदुरबारकडची, ज्यांच्या घरात आधी कोणी शिकले नव्हते अशी मुले जळगावात येऊ लागली. २०१८ मध्ये त्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्याही असोद्याहून लग्न होऊन या गावात आलेल्या होत्या.

आमच्या वरच्या खोलीत नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी भागातला, अक्राणीचा एक मुलगा राहतो. घरी तो पावरी बोलतो, इथे मराठी, आणि कारागिरांशी हिंदी. दिवसा तो एका दुकानात काम करतो, म्हणून त्याचा अभ्यास रात्री होतो. तक्रार झालेला दिवा तो हाच. दिवाळीनंतर परत येताना त्याने आईने वाळवलेल्या आमचुराची पुरचुंडी आणली आणि ‘काकू, वरणात घाला’ म्हणून हिच्या हातात ठेवली. आमचूर काळपट होते, पण त्याचा आंबटपणा बाजारच्या आमचुराला येत नाही.

मात्र लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहिले पाहिजे. जूनमध्ये तो खोली बघायला आला, तेव्हा त्याचे गाव ऐकून मी दोन महिन्यांची अनामत मागितली होती. त्याच्या आधी राहणाऱ्या दोघांकडून मी एकाच महिन्याची घेतली होती. त्याने काही न बोलता पैसे मोजून दिले. आज बैठकीत मला जे खटकले, तेच मी सहा महिन्यांपूर्वी केले होते, आणि माझे शब्द घशातच अडकले ते बहुधा त्यामुळेच.

खोली त्याचीच राहील, हे काकांना उद्या घरी जाऊन सांगतो. त्याआधी बँकेतून पैसे काढून त्याची एका महिन्याची अनामत परत करायची आहे.