यॉर्कशायर डेल्स: आईबरोबर उन्हाळ्यातली भटकंती

ताई इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला गेल्यापासून आईला तिकडे न्यायचं घाटत होतं, ते या जूनमध्ये जमलं. निघण्याआधी ओळखीच्यांनी लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड अशी भलीमोठी यादी दिली होती. त्यातलं बहुतेक गाळून आम्ही ताईच्या घरी मुक्काम ठेवला आणि यॉर्कशायर डेल्समध्येच फिरलो. तुमचं कुणी लीड्स-ब्रॅडफर्डकडे असेल तर तुम्हीही असंच करा, असा माझा आग्रह राहील. सत्तरीच्या माणसाला रोज नव्या हॉटेलात बॅगा उघडायला लावण्यापेक्षा संध्याकाळी लेकीच्या हातचा वरणभात केव्हाही बरा.

डेल्स म्हणजे नद्यांनी कोरलेली खोरी. १९५४ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. पण फाटक नाही, प्रवेश तिकीट नाही. गावं, शेतं, मेंढरं सगळं उद्यानातच नांदतं.

पहिल्यांदा मॅलमला जा. गावापासून सपाट, बांधीव वाटेनं थोडं चाललं की समोर मॅलम कोव्ह उभा राहतो: चुनखडीचा सुमारे ऐंशी मीटर उंचीचा अर्धगोल कडा. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून इथून प्रचंड धबधबा कोसळत असे. आता पाणी वरच जमिनीत जिरतं. २०१५ च्या डिसेंबरातल्या वादळी पावसात मात्र तो काही काळ पुन्हा वाहिला. कड्याच्या पायथ्याशी, दगडाखालच्या चिरेतून एक ओढा गुपचूप बाहेर येतो. आई तिथे पाण्यात हात घालून बराच वेळ बसली होती. कड्यावर बहिरी ससाण्याची घरटी असतात, दुर्बीण असेल तर न्या.

वर जायला सुमारे चारशे पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा. पायथ्याचं दृश्य पुरेसं आहे. मी आणि भाची वर गेलो. वर चुनखडीची फरशी पसरलेली आहे आणि दगडादगडांमध्ये खोल भेगा आहेत. सावली आणि ओलावा मिळतो, मेंढरांचं तोंडही पोहोचत नाही, म्हणून भेगांच्या आत नेचे वाढतात. वाकून पाहिलं तर हिरव्या जिभांसारखी लांब, चकचकीत पानं दिसली, वरून पत्ताही लागत नाही. पावसानंतर हा दगड भयंकर निसरडा होतो, तेव्हा साधे स्पोर्ट्स शूज नकोत, पकड असलेलेच बूट हवेत. चालणाऱ्यांनी जॅनेट्स फॉसचा छोटा धबधबा, गॉर्डेल स्कारची घळ आणि कोव्ह असा फेरा करावा. त्याला आठवडाभरातला एखादा कामाचा दिवस निवडा, शनिवार-रविवारी दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. मॅलमला रेल्वे नाही आणि स्किप्टनहून येणाऱ्या बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत. परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

आईला सगळ्यात आवडल्या त्या शेतांच्या भिंती. मैलोन्‌मैल, डोंगराच्या माथ्यापर्यंत, चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या. ती देवगडची, आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या गडग्यासारख्याच या भिंती, असं म्हणत तिनं एक भिंत नीट निरखली. दोन्ही बाजूंचे थर आत कललेले, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून दोन्ही थर बांधणारा आडवा लांब दगड, माथ्यावर उभे लावलेले दगड. हात लावून पाहा, पण त्यावर चढू नका. एक दगड निसटला की भिंत ढासळू लागते आणि ती शेतकऱ्यालाच पुन्हा रचावी लागते.

दुसरा दिवस राखा सेटल-कार्लाइल रेल्वेसाठी. लीड्सहून थेट गाडी मिळते. गाड्यांमध्ये दोन-दोन तासांचं अंतर असतं, रविवारी त्याहून कमी गाड्या. सेटल सोडल्यावर उजव्या हाताला पेनिगेंट आणि डाव्या हाताला इंगलबरो हे डोंगर दिसतात. तिथला रेल्वेपूल पाहायला रिबलहेडला उतरा. गाडी पुलावरून जाते तेव्हा पूल दिसतच नाही, तो पाहायचा तर खाली चालत जायला हवं. चोवीस कमानी, सुमारे चारशे मीटर लांबी. १८७० पासून इथल्या दलदलीत झोपड्या टाकून राहिलेल्या मजुरांनी तो उभारला आणि अपघातांत, साथीत त्यांच्यातले कितीतरी बायकापोरांसह इथेच गेले. जवळच्या चॅपल-ली-डेलच्या चर्चमध्ये त्यांची स्मृती जपलेली आहे. १९८० च्या दशकात हा मार्ग बंदच होणार होता. लोकांनी लढून १९८९ मध्ये तो वाचवला. त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

दोघं मिळून फिरणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून तारीख उघडली की लगेच करा.

पायवाटा शेतांतूनच जातात आणि तिथून चालायचा सर्वांना हक्क आहे. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट. फाटक जसं असेल तसंच सोडा: बंद असेल तर बंद. गाय वासरासोबत असेल तर लांबून वळसा घाला. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. उजेड रात्री साडेनऊच्या पुढेही असतो, पण गावातल्या पबचं स्वयंपाकघर त्याच्या बरंच आधी बंद होतं, त्यामुळे जेवण लवकर उरका. शाकाहाऱ्यांनी हॉझ गावचं वेन्स्लीडेल चीज जरूर खावं, फक्त वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण पाहून घ्यावी. तिथले लोक ते फ्रूटकेकबरोबर खातात. आईनं नाक मुरडलं आणि मग दुसरा तुकडा मागून घेतला.

स्वेलडेलमधल्या म्यूकरच्या कुरणांसाठी मात्र जूनच गाठा. गवतापेक्षा फुलंच जास्त असतात, आणि जुलैत कापणी सुरू झाली की ती संपतात. वाट अरुंद, दगडी फरशीची. एकामागोमाग एक चालायचं, कारण ते गवत हिवाळ्यात जनावरांच्या पोटात जायचं असतं. सुटी नाणी जवळ ठेवा, वाटेत घरांबाहेर अंडी मांडलेली असतात आणि शेजारी पैशांचा डबा.